रामजीचे वडील कोण? एका कुलवृत्तांतातला गुंता

पार्श्वभूमी

नाशिकमधल्या एका कुटुंबाला आपला कुलवृत्तांत छापायचा होता. पुढाकार काकूंचा, त्या निवृत्त शिक्षिका. मदतीला त्यांचा पुतण्या. शिवाय गावाकडे, सिन्नर तालुक्यात, घरातले सर्वांत वडीलधारे आप्पा, वय ऐंशीच्या पुढे. माझ्याकडे ही मंडळी मोडी वाचून घ्यायला आली आणि काम वाचनापुरतं राहिलं नाही. या लेखात माणसांची नावं आणि गावांच्या खुणा बदलल्या आहेत. कागदांचे प्रकार, नाती आणि सालांचा क्रम मात्र तोच ठेवला आहे.

घरात एक वंशवेल आधीपासून होती. काकूंच्या सासऱ्यांनी ती निवृत्तीनंतर तयार केली होती आणि चांगल्या मेहनतीने केली होती. सर्वांत वर तुकाराम, त्याचा मुलगा रामजी, रामजीला दोन मुलगे आणि एक मुलगी, आणि तिथून खाली आजची साठेक माणसं. रामजीच्या खालचा सगळा भाग पक्का होता. शाळेचे दाखले, लग्नपत्रिका, आप्पांच्या आठवणी, सगळं एकमेकांशी जुळत होतं. प्रश्न होता तो रामजीच्या वरच्या एका रेघेचा.

ती रेघ तीन कागदांवर उभी होती. पहिला, जमिनीचा जुना सातबारा, त्यावर कब्जेदार म्हणून ‘रामजी तुकाराम’. दुसरा, कोतवाल बुकातला उतारा. गावातल्या जन्ममृत्यूंची ही नोंदवही गाव नमुना १४ म्हणून ओळखली जाते. त्यात ‘रामजी तुकाराम, वय ४५, ताप’, तारीख ऑक्टोबर १९१८. तो मानमोडीचा, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीचा काळ, तेव्हा ‘ताप’ हे कारण अगदी पटण्यासारखं. तिसरा कागद रामकुंडावरच्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीची, म्हणजे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या पिढ्या लिहून ठेवलेल्या वहीची, नक्कल. ती सासऱ्यांनी स्वतः उतरवून आणली होती. तिच्यात मात्र ‘रामजी, बाप बाळाजी, आजा रामजी, पणजा खंडू’. बाळाजीपुढे सासऱ्यांनी पेन्सिलने प्रश्नचिन्ह काढलं होतं. वंशवेलीत त्यांनी तुकारामलाच ठेवलं. दोन सरकारी कागद एकीकडे आणि गुरुजींची वही दुसरीकडे, असा तो हिशेब असावा.

अडचण

प्रश्नचिन्ह पन्नासेक वर्षं फाइलीत पडून होतं आणि कुणाचं काही अडलं नव्हतं. कुलवृत्तांताची जुळणी सुरू झाली तेव्हा काकूंच्याच लक्षात आलं की रामजीच्या धाकट्या मुलीचा शाळेतला जन्म १ जून १९२३ चा आहे. बाप १९१८ ला गेला आणि मुलगी १९२३ ला जन्मली?

घरातल्यांनी हे हसण्यावारी नेलं होतं. १ जून ही तारीख महाराष्ट्रात निम्म्या पिढीची जन्मतारीख आहे. शाळेत नाव घालताना मास्तरांनी वय अदमासे ठरवायचं आणि १ जून लिहून मोकळं व्हायचं. तारखेवर विश्वास ठेवायचा नाही हे खरंच. पण मास्तरांचा अदमास एखाद-दोन वर्षांनी चुकतो. पाच वर्षांचं मूल आणि दहा वर्षांचं मूल यांतला फरक मास्तरला दिसतो. शिवाय आप्पांच्या आईने रामजीला पाहिलं होतं. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा सासरा म्हणून तो ओट्यावर बसलेला असे, असं ती सांगायची. तिचं लग्न १९१८ नंतर बऱ्याच वर्षांनी झालेलं.

म्हणजे कोतवाल बुकातला रामजी आपला नव्हे, किंवा आठवण आणि दाखला दोन्ही चुकीचे. त्यात नामावळीचा बाळाजी. तीन कागदांत एक, दोन की तीन रामजी आहेत, हेच ठरत नव्हतं.

घरात एक गोष्टही चालत आलेली होती. रामजीला त्याची आई लहानपणी काखेत घेऊन ‘मोठ्या दुष्काळात’ या गावात आली. मोठा दुष्काळ म्हणजे १८९९-१९०० चा, विक्रम संवत १९५६ मधला म्हणून छपन्नचा म्हणून ओळखला जाणारा. कुठून आली, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ही गोष्ट ऐकून मला पहिल्यापासून खटकलं ते गावाचं ठिकाण. सिन्नरचा पूर्व भाग पावसाच्या बाबतीत कायम हात आखडलेला. दुष्काळात तिथली माणसं बाहेर पडतात, बाहेरची तिथे येत नाहीत. आई पोराला घेऊन आली असेल तर तिच्या येण्याचं कारण भाकरी नसावं, दुसरं काही असावं.

पुतण्याची घाई वेगळ्या कारणासाठी होती. २०२३ मध्ये मराठा-कुणबी नोंदी शोधण्यासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यावर गावोगाव जुन्या नोंदी धुंडाळणं सुरू झालं आणि मोडी वाचणाऱ्यांना कधी नव्हे ती मागणी आली. पुतण्याला त्याच्या मुलाच्या जात पडताळणीसाठी वंशावळीचं प्रतिज्ञापत्र करायचं होतं, आणि १९१८ ची ती मृत्यूनोंद त्याला पुरावा म्हणून जोडायची होती. पडताळणीत वडिलांकडचं रक्ताचं नातं दाखवावं लागतं. चुकीच्या रामजीची नोंद जोडली तर प्रतिज्ञापत्रच खोटं ठरणार. म्हणून पहिला निर्णय सोपा होता: हा गुंता सुटेपर्यंत ती नोंद कुठेही जोडायची नाही. पुतण्या नाराज झाला, पण थांबला.

समोरचे पर्याय

शक्यता आम्ही एका कागदावर मांडल्या. प्रत्येकीपुढे ती खरी असेल तर आणखी कुठे, काय सापडलं पाहिजे हे लिहिलं. या कामात मला सर्वांत उपयोगी पडणारी सवय हीच आहे. शक्यता नुसत्या आवडीनिवडीने तोलल्या की घरातला मोठ्या आवाजाचा माणूस जिंकतो.

नकलेतली चूक ही पहिली शक्यता. मोडीत ह्रस्व-दीर्घाचा भेद नसतो, शब्द तोडून लिहीत नाहीत, आणि घाईच्या हातात ‘बाळाजी’, ‘बापाजी’, ‘बाबाजी’ एकमेकांत सहज मिसळतात. पण यांतलं कुठलंही वाचन ‘तुकाराम’पर्यंत पोचत नाही. तेव्हा मूळ वही पाहणं आवश्यक होतं, तरी गुंता एवढ्याने सुटणार नव्हता.

एकाच गावात दोन रामजी असणं ही दुसरी. आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवायची चाल. एका रामजीला चार मुलगे असतील तर दोन पिढ्यांनी त्या भावकीत चार रामजी फिरत असतात. तुकाराम हे नाव तर वारकरी मुलखात गल्लोगल्ली. असं असेल तर दोघांची जमीन वेगळी असणार, वारस वेगळे असणार.

तिसरी शक्यता दत्तकाची, आणि आप्पांचा कल तिच्याकडे. बाळाजीचा मुलगा तुकारामाने मांडीवर घेतला, म्हणून दोन बाप. ऐकायला नीट वाटतं. पण दत्तक गेलेला मुलगा तीर्थावर पिंड कुणाला देतो? दत्तक बापाला. त्याचं गोत्र, त्याचे पितर बदललेले असतात. मग रामकुंडावर बाप, आजा, पणजा सांगताना रामजीने तुकारामाची परंपरा सांगायला हवी होती. सांगितली बाळाजीची. धर्मशास्त्रात दोन्ही बापांचा मुलगा राहण्याचा द्व्यामुष्यायण नावाचा प्रकार आहे, पण तिथेही तुकारामाचं नाव गाळलं जाणार नाही. शिवाय दत्तक मुलाला जमीन वारसाने मिळते, त्याला वेगळं देणं-लिहून घेणं लागत नाही.

चौथी शक्यता पाटाची. बाळाजीच्या मागे त्याच्या बायकोने तुकारामाशी पाट लावला आणि पहिल्या घरचा मुलगा सोबत आला. शेतकरी आणि कारागीर जातींत ही रीत राजरोस होती. १८५६ च्या कायद्याने तर विधवेच्या पुनर्विवाहाला सगळ्यांसाठीच मान्यता दिली होती. त्या कायद्यात विधवा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क गमावते, पण तिच्या मुलाचा बापाच्या जमिनीतला वाटा जात नाही. ही शक्यता खरी असेल तर तीन गोष्टी दिसायला हव्यात: पिंडदानात जन्मदात्याचं नाव, तुकारामाची जमीन रामजीकडे वारसाखेरीज दुसऱ्या मार्गाने आलेली, आणि दोन्ही बाजूंच्या कागदांत आई एकच.

ही चौथी शक्यता मी मांडली तेव्हा खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग आप्पा म्हणाले, “आपल्यात तसलं नव्हतं.” काकू म्हणाल्या, “आपल्यात म्हणजे कधीपासून, आप्पा?”

डीएनए चाचणीचाही पर्याय होता. वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळपास जसंच्या तसं जातं, त्यामुळे रामजीच्या पुरुषवंशातला एक आणि बाळाजीच्या भावाच्या किंवा तुकारामाच्या पुरुषवंशातला एक, अशी तुलना केली तर बरंच कळतं. पण त्यासाठी आधी ती दुसरी घरं सापडायला हवीत, आणि ज्यांचा या शोधाशी काही संबंध नाही अशा माणसांना त्यात ओढावं लागतं. आम्ही तो पर्याय बाजूला ठेवला. कागद संपल्याखेरीज त्याला हात घालायचा नाही असं ठरलं.

काय केलं

सुरुवात सातबाऱ्यापासून केली. सातबाऱ्यावर नावाशेजारी वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा क्रमांक. नाव त्या उताऱ्यावर का आणि कसं आलं, हे त्या फेरफारात लिहिलेलं असतं. सासऱ्यांनी सातबारा पाहिला होता, वर्तुळामागे ते गेले नव्हते. तेव्हा ते सोपंही नव्हतं. आता बरेच जुने महसुली कागद ‘आपले अभिलेख’ या सरकारी संकेतस्थळावर स्कॅन स्वरूपात मिळतात, नाही मिळाले तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा आणि कुणीतरी जुन्या कागदांचे रुमाल सोडून पाहील याची वाट बघायची. आम्हाला दुसरा मार्ग धरावा लागला.

फेरफार आला १९२७ चा. कारण: रजिस्टर बक्षीसपत्र. देणारा तुकाराम, घेणारा रामजी. वारस हा शब्द कुठेच नाही. सख्ख्या किंवा दत्तक मुलाला बाप सहसा बक्षीसपत्र करून देत नाही, ते त्याचं असतंच. आप्पांची दत्तकाची बाजू इथे पहिल्यांदा हलली.

दुसरीकडे कोतवाल बुकातल्या रामजीचा माग. मृत्यूनोंदीत आजोबाचं नाव नसतं, त्यामुळे त्या नोंदीकडे नुसतं बघत बसून काही हाती लागत नाही. मेलेल्या माणसाची जमीन मात्र कुणाच्या तरी नावे होते. म्हणून १९१९ आणि १९२० चे त्या गावचे वारस फेरफार चाळले. मिळाला. ‘रामजी तुकाराम मयत’, वारस विधवा आणि दोन सज्ञान मुलगे, सर्व्हे नंबर वेगळाच, गावाच्या दुसऱ्या टोकाचा. त्या मुलांची नावं आपल्या वंशवेलीत कुठेही नाहीत. म्हणजे दोन रामजी तुकाराम होते हे ठरलं, आणि १९१८ ला गेलेला आपला नव्हता. सासऱ्यांच्या वंशवेलीत एकाची जमीन आणि दुसऱ्याचं मरण एका माणसाच्या नावावर चढलं होतं. पुतण्याने जोडायला काढलेली नोंद परक्या घरची निघाली.

मग बक्षीसपत्र. दुय्यम निबंधकाकडे जुन्या दस्तांची सूची असते. इंडेक्स टू मध्ये गावाच्या नावाने शोधता येतं, आणि जमिनीचे दस्त पहिल्या पुस्तकात असल्यामुळे त्यांची नक्कल कुणालाही मागता येते. १९२६ च्या सूचीत दस्त सापडला. देणारा ‘तुकाराम बिन धर्मा’ (बिन म्हणजे मुलगा). घेणारा ‘रामजी बिन बाळाजी, राहणार सदर’. जमिनीच्या बदल्यात अट एकच: सगुणा कोम तुकाराम, म्हणजे तुकारामाची बायको आणि घेणाराची आई, हिला तहहयात अन्नवस्त्र द्यावं.

या एका दस्ताने निम्मं काम केलं. वकिलाने लिहिलेल्या, रजिस्टर होणाऱ्या कागदात रामजी बाळाजीचा. त्यानंतर वर्षाच्या आत गावच्या फेरफारात तोच तुकारामाचा, कारण गाव त्याला तसंच ओळखत होतं. तलाठ्याने कानावर पडलेलं लिहिलं, यात त्याची काही बदमाशी नव्हती. कुठला कागद कुणी, कुणाच्या सांगण्यावरून आणि कशासाठी लिहिला हे पाहिलं तर बापाची ही दोन नावं एकमेकांविरुद्ध राहत नाहीत.

आता नामावळी. रामकुंडाजवळ ज्या घराण्याकडे त्या सिन्नरच्या गावाची यजमानकी, म्हणजे तिथल्या यात्रेकरूंचे विधी करण्याचा परंपरागत हक्क, आहे, त्या गुरुजींनी मूळ वही दाखवली. फोटो काढू देत नाहीत, पेन्सिलीने उतरवून घ्यावं लागतं, आणि मला त्यात गैर वाटत नाही. त्या वह्यांवर त्यांचं पोट आहे आणि शेकडो घरांची खाजगी माहितीही त्यांच्यात आहे. नोंद वाचण्याआधी त्याच हाताने लिहिलेली आजूबाजूची पानं वाचली. लिहिणारा ‘ळ’ कसा वळवतो, ‘प’चं पोट कुठे मोडतो हे कळल्यावर मगच आपल्या ओळीकडे वळलो. बाळाजीच होता, शंका नाही.

तारीख शके १८४२, रौद्र नाम संवत्सर, माघ महिना. सासऱ्यांनी शकात ७८ मिळवून १९२० लिहिलं होतं. माघ-फाल्गुनात ७९ मिळवावे लागतात, म्हणजे नोंद फेब्रुवारी-मार्च १९२१ ची. संवत्सराचं नाव शकाशी जुळतं की नाही हेही ताडून पाहिलं, जुळतं. वर्षभराच्या या फरकाने निकाल बदलत नाही, पण रामजी १९१८ नंतर जिवंत होता याला आणखी एक साक्ष मिळाली.

महत्त्वाचं निघालं ते शेवटच्या दोन ओळींत. सासऱ्यांनी फक्त पुरुषांची नावं उतरवली होती. मूळ नोंदीत पुढे होतं: मातोश्री सगुणाबाई. आणि त्याखाली: मूळ राहणार मौजे अमुक, तालुका निफाड, हल्ली वस्ती सिन्नर तालुक्यातलं ते गाव.

सगुणा दोन्हीकडे होती. बाळाजीच्या मुलाची आई आणि तुकारामाची बायको.

निफाडचं ते गाव गोदाकाठचं, पाण्याचं. तिथल्या यजमानकीचे गुरुजी दुसरे. त्यांचं घर विचारत विचारत गाठलं. त्यांच्या वहीत शके १८२२ ची, शार्वरी संवत्सरातली वैशाखाची नोंद आहे, म्हणजे मे १९०० च्या सुमाराची, दुष्काळ ऐन भरात असतानाची. लिहून देणारा कृष्णा. बाप रामजी, आजा खंडू, भाऊ कैलासवासी बाळाजी, पुतण्या रामजी. खंडू, रामजी, बाळाजी, रामजी ही साखळी दोन वेगळ्या गुरुजींच्या, वीस वर्षांच्या अंतराने लिहिलेल्या वह्यांत तशीच आली, आणि सिन्नरच्या नोंदीतलं मूळ गाव हेच.

एक गोष्ट जुळत नाही: आडनाव. कृष्णाच्या नोंदीतलं आडनाव वेगळं आहे, आजच्या कुटुंबाचं आडनाव तुकारामाकडचं. पाटाची शक्यता धरली तर असंच होणार, रामजी तुकारामाच्या घरात वाढला आणि त्याच्या आडनावाने ओळखला गेला. पण जे आपल्या अंदाजातून आपोआप निघतं त्याला पुरावा म्हणून मोजता येत नाही. पुरावा ठरलं असतं ते निफाडकडच्या जमिनीतलं रामजीचं नाव. बापाच्या वाट्यावर त्याचा हक्क होताच, तेव्हा कृष्णाच्या नावे जमीन होताना त्याची हक्कसोड किंवा निदान नोंद असायला हवी. हक्कनोंदणी १९०३ च्या कायद्यानंतर हळूहळू गावोगाव आली, त्या गावचं सुरुवातीचं फेरफार रजिस्टर मात्र जागेवर नाही. अर्ज देऊन ठेवला आहे.

काय ठरलं, काय छापलं

बैठक काकूंच्या घरी झाली. मी निष्कर्ष तीन पायऱ्यांत मांडले. पक्कं: १९१८ चा रामजी वेगळा, आपल्या रामजीचा बाप बाळाजी, आई सगुणा, आणि सगुणा पुढे तुकारामाची बायको. बळकट पण अपुरं: बाळाजी निफाडच्या त्या घराण्यातला. अनुमान: सगुणाने पाट लावला. पाट हा शब्द एकाही कागदात नाही. बाळाजी १९०० पूर्वी गेला हे कृष्णाची नोंद आपल्याच घराची धरली तरच म्हणता येतं. तसं नसेल तर काडीमोडही झाली असेल.

आप्पा ऐकून घेत होते. मग म्हणाले, “दत्तक लिहा. वाचायला बरं दिसतं.”

पुतण्याने बक्षीसपत्र पुढे केलं. “आप्पा, दत्तकाला अन्नवस्त्राची अट घालून जमीन देतात का?”

“मला कायदा शिकवू नको. पाट म्हटलं की लोक काय म्हणतील?”

“काय म्हणायचं ते म्हणोत,” काकू म्हणाल्या. “एका बाईने पोरगं जगवलं, आणि दुसऱ्या माणसाने त्याला जमीन दिली. यात लपवण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.”

इथे माझं मत सांगतो, कारण त्या दिवशीही सांगितलं. पाटाची लाज ही त्या काळातली नव्हे, नंतरची आहे. ज्या जातींत ती रीत होती त्यांनी पुढे वरच्या म्हणवणाऱ्यांचं पाहून ती नाकारली, आणि मग आजोबा-पणजोबांच्या गोष्टीही त्या मापाने कापल्या. ‘दुष्काळात आई आली’ ही गोष्ट अशीच कापलेली असावी. दुष्काळ खरा होता, सगुणाही आली, फक्त कशासाठी आली एवढं गळलं. तरीही छापायचं काय हा हक्क घराचा. माझी अट एवढीच होती की जे खोटं ठरलं आहे ते छापायचं नाही. गाळायचं असेल तर गाळा.

शेवटी आप्पांनीच तोड काढली. पाट हा शब्द घालायचा नाही, पण दत्तकही नाही. ‘सगुणाबाई पुढे तुकाराम यांच्या घरी आल्या’ असं वाक्य ठरलं. पाटाचं अनुमान टिपणीत, ‘बहुधा’ या शब्दासह. मला हे मान्य झालं.

वंशवेलीचा आराखडा हा वेगळाच प्रश्न निघाला. कुलवृत्तांत मूळ पुरुषापासून सुरू होतो. इथे मूळ पुरुष कोण? बाळाजीला घ्यावं तर आडनाव त्याचं नाही, तुकारामाला घ्यावं तर रक्त त्याचं नाही. पुतण्याने संगणकावर दोन-तीन तऱ्हा करून पाहिल्या, सगळ्या वाकड्या दिसत होत्या. काकूंनी सुचवलं की सर्वांत वर सगुणाला ठेवा, दोन्हीकडे तीच आहे. डावीकडे बाळाजी, ठळक रेघेने जोडलेला. त्याच्यावर खंडूपर्यंतची साखळी तुटक रेघेने. उजवीकडे तुकाराम आणि त्याच्याबद्दल मिळालेलं सगळं एका स्वतंत्र पानावर. सगुणाचं माहेर रिकामं. तसंच छापलं.

पुतण्याचं काम मात्र अवघड होऊन बसलं. आडनावाची फारकत आणि ‘बळकट पण अपुरं’ अशा पुराव्यावर प्रतिज्ञापत्रात निफाडची वंशावळ लिहिता येत नाही. कुलवृत्तांतात ‘बहुधा’ लिहून भागतं, शपथेवर भागत नाही. त्याने वकिलाशी बोलून रामजीच्या खालचेच पुरावे जोडले.

वेगळं काय करता आलं असतं

कामाचा क्रम बदलता आला असता. फेरफार आणि बक्षीसपत्र आधी पाहिले म्हणून कोतवाल बुकाचा प्रश्न लवकर सुटला, हे खरं. पण नामावळीची मूळ वही सर्वांत आधी पाहिली असती तर सगुणा आणि निफाड ही दोन नावं पहिल्याच आठवड्यात हाती असती आणि बाकी शोधाला दिशा आली असती. कुणीही आधी उतरवून आणलेली नक्कल, कितीही काळजीपूर्वक केलेली असली तरी, ती ज्या प्रश्नासाठी केली त्यापुरतीच असते. सासऱ्यांना पुरुषांची नावं हवी होती, त्यांनी ती नेमकी आणली.

आप्पांना आम्ही विचारलं ते पुरुषांबद्दल. आत्यांना विचारलंच नाही. सगुणा रामजीच्या सुनांच्या डोळ्यांसमोर म्हातारी झाली असणार. तिच्याबद्दलचं बोलणं स्वयंपाकघरात चाललं असेल, ओट्यावर नव्हे. पुस्तक छापायला गेल्यावर कोपरगावच्या एका आत्याने सहज सांगितलं की ‘निफाडवाली’ असा शब्द तिच्या आईच्या तोंडी होता. कोणाबद्दल, ते तिला आठवत नाही. हे आधी कळलं असतं तर त्याच्या आधाराने पुढचे प्रश्न विचारता आले असते.

चौथी शक्यता घरात कशी मांडावी याचाही विचार आधी व्हायला हवा. सगळ्यांसमोर, पहिल्याच बैठकीत मांडली की वडीलधारा माणूस बाजू घेऊन बसतो, आणि मग पुरावा आला तरी माघार घेणं त्याला जड जातं. आप्पांशी आधी गावी जाऊन एकट्याने बोलणं शक्य होतं. शेवटी त्यांनी वाट काढली हा त्यांचा मोठेपणा, पण दरवेळी आप्पांसारखे आप्पा मिळतील असं नाही.

डीएनएबद्दल माझं मत अजून तेच आहे. आता निफाडचं घर सापडल्यामुळे तो पर्याय पूर्वीपेक्षा अर्थपूर्ण झाला आहे, पण तो विचारण्याचा अधिकार आपला नाही, होय म्हणण्याचा अधिकार त्यांचा आहे.

सध्याची स्थिती

निफाडच्या त्या घराशी काकूंनी फोनवर संपर्क केला. बोलणं मोकळेपणाने झालं. त्यांच्याकडेही वंशावळ आहे, कृष्णाच्या वंशाची, आणि तिच्यात बाळाजीच्या मुलापुढे ‘रामजी, अल्पायुषी, निर्वंश’ असं लिहिलेलं आहे. आईबरोबर गेलेलं पोर परत दिसलं नाही, तेव्हा पुढे कुणीतरी तसं लिहून टाकलं असेल, किंवा तो खरोखरच गेला असेल आणि आपला रामजी वेगळा असेल. दुसरी शक्यता आजच्या पुराव्यावर नाकारता येत नाही. त्या घरच्या थोरल्या भावाने सांगितलं की बक्षीसपत्राची नक्कल आणि सिन्नरच्या नामावळीतली नोंद आधी पाठवा, आम्ही आमच्या वहीशी ताडून बघू, मग काय बदलायचं ते ठरवू. काकूंनी दोन्ही नकला कुरियरने पाठवल्या आहेत.